एस्टीमला तीन जादा मीटर: एका रविवारचं काम, पन्नास दिवसांच्या नोंदी

२१ सप्टेंबर २०२४, शनिवार

गाडी मारुती एस्टीम, एमपीएफआय (कार्ब्युरेटर न्हाई, पेट्रोल इंजेक्शनची), १.३ लिटर, सोळा व्हॉल्व्ह, कंपनीतनं ८५ बीएचपी. हेडर (इंजिनमधनं धूर बाहेर नेणारे पाइप) आणि मोठा सायलेन्सर आधीच्या मालकानं टाकलेला, कॅम मी बदलला, सस्पेन्शन थोडं खाली घेतलंय. रोज शिरोली एमआयडीसीला ड्युटीला हीच गाडी जाते त्यामुळं ही काय शोची गाडी न्हाई, सकाळी सातला चालू झालीच पाहिजे.

मीटर कशाला ते आधी सांगतो. मागच्या वर्षी निपाणीहून येताना कागलच्या अलीकडं इंजिन खडखडायला लागलं, काय झालं म्हणून बघतोय तोवर तेलाचा लाल दिवा लागला, लगेच बाजूला घेऊन बंद केली पण बिगएंडची (कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाची) बेअरिंगं गेलेलीच. आमचे मिस्त्री म्हणाले, "दिवा लागतोय तवर सगळं झालेलं असतंय." त्या दिव्याचा स्विच साधारण अर्ध्या बारच्या (बार म्हणजे दाब मोजायचं एकक) खाली दाब गेला की लागतो. म्हणजे चार बारवरनं दाब एक बारवर आला तरी दिवा गप्प. इंजिनच्या पाण्याचं टेंपरेचर दाखवणाऱ्या काट्याचं तसंच, एका टोकाला सी, दुसऱ्या टोकाला एच आणि मधे आकडा एक न्हाई.

तर तीन मीटर ठरले: ऑइल प्रेशर, पाण्याचं टेंपरेचर, व्होल्ट. बूस्ट मीटर (टर्बोचा दाब दाखवणारा) घे म्हणून दोघातिघांनी सांगितलं, टर्बो नसलेल्या गाडीला बूस्ट मीटर म्हणजे टकल्याला कंगवा. वाइडबँड (पेट्रोल आणि हवेचं प्रमाण दाखवणारा मीटर) घ्यायचाय पण त्याला सायलेन्सरच्या पाइपला बंग, म्हणजे सेन्सर बसवायची आट्यांची बुश, वेल्ड करून घेणं आलं, ते नंतर बघू. ऑइल टेंपरेचरचा सेन्सर इंजिनखालच्या ड्रेन प्लगमध्ये (तेल सोडायच्या बोल्टमध्ये) बसवायचा विचार होता, पण खाली घेतलेली गाडी आणि आपल्याकडचे स्पीडब्रेकर, नकोच.

बजेट ८ हजार. वेळ एक रविवार. दोन्ही आकडे मुद्दाम लिहून ठेवतोय.

२४ सप्टेंबर

ऑर्डर टाकली. दोन रात्री यातच गेल्या.

पहिला प्रश्न मेकॅनिकल का इलेक्ट्रिक. मेकॅनिकल ऑइल प्रेशर मीटर स्वस्त असतो आणि बरोबरही दाखवतो, पण त्यात बारीक नायलॉनच्या नळीतनं इंजिनचं तेल थेट डॅशबोर्डपर्यंत येतं. नळी कुठं चिरली तर गरम तेल पायावर. इलेक्ट्रिकच घेतला.

डिजिटल आकडा का काटा, तर काटा. आकडा वाचावा लागतो, काटा नुसता दिसतो.

माप ५२ मिलिमीटर. ६० चा दिसायला भारी असतो पण माझ्या डॅशबोर्डवर तीन बसणार न्हाईत. ऑनलाइनला नावाजलेल्या जपानी कंपनीच्या मीटरसारखे दिसणारे, पाव किमतीचे भरपूर आहेत, त्यातल्या कशालाही हात लावला न्हाई. पाण्याचा मीटर सेन्सरसकट २९००, व्होल्ट मीटर १४५०. ऑइलचा मीटर सेन्सरसकट महाग पडत होता म्हणून बिनसेन्सरचा घेतला २४०० ला. म्हटलं सेन्सर काय, शाहूपुरीत मिळेल की.

हे वाक्य पुढं मला ९५० रुपयांना पडलं.

२९ सप्टेंबर, रविवार

पार्सलं आली. सेन्सर शाहूपुरीतनं आणला, जनरेटर सेटवर लागतो तसला, ९५० रुपये. दिसायला अगदी फोटोतल्यासारखा, डब्यासारखं अंग, वर एक स्क्रू, खाली आटे. दुकानदारानं विचारलेलं, "मीटर कुठला हाय?" मी म्हटलं ५२ चा. त्यांना ते विचारायचं नव्हतं हे मला चार दिवसांनी कळलं.

२ ऑक्टोबर, बुधवार

सुट्टी. गाडीत काहीच बसवायचं न्हाई, आधी टेबलावर तपासायचं असं ठरवलेलं. मी फाउंड्रीत क्वालिटीला आहे, दिवसभर दुसऱ्यांच्या गेजला नावं ठेवतो, मग स्वतःचं मीटर न तपासता कसं लावणार.

पाण्याचा सेन्सर तपासायला जुनी बॅटरी, दोन वायरी आणि स्वयंपाकघर एवढं पुरतं. पातेल्यात पाणी उकळायला ठेवलं, सेन्सरचं पितळी टोक पाण्यात धरलं, अंगाला अर्थची (अर्थिंगची, बॅटरीच्या निगेटिव्हची) वायर चिमट्यानं लावली, वरचं टर्मिनल पाण्याबाहेर. बाजूला कंपनीतनं आणलेला थर्मामीटर. एक लक्षात ठेवा, पाणी १०० ला उकळतं हे समुद्रकाठी. कोल्हापूर समुद्रसपाटीपासनं साडेपाचशे मीटरच्या वर आहे, इथं पाणी ९८ च्या आसपासच उकळतं. माझा थर्मामीटर ९८ आणि मीटरचा काटा ९७ आणि १०० च्या मधे. ८० ला आणि ६० ला पण बघितलं, तिथं दोनतीन डिग्री वर दाखवतोय. चालेल. जास्त दाखवणारा मीटर परवडला, कमी दाखवणारा न्हाई.

आई मागं उभी होती. "ते चहाचं पातेलं हाय न्हवं?" म्हटलं सेन्सर नवा आहे, स्वच्छ आहे. "मी त्यात परत दूध तापवत न्हाई, आत्ताच सांगून ठेवतो." नवं पातेलं खर्चात धरलेलं न्हाई.

३ ऑक्टोबर, गुरुवार

शिफ्ट संपल्यावर मेंटेनन्सच्या मामांना सांगून ऑइलचा सेन्सर हवेच्या लाइनवर लावला. टी जॉइंट टाकून एका बाजूला कॅलिब्रेशन केलेला गेज, दुसऱ्या बाजूला माझा सेन्सर. बॅटरी जोडली आणि हवा सोडायच्या आधीच काटा खटकन सातावर जाऊन बसला. हवा सोडली, गेजवर दोन बार, काटा खाली आला. चार बार, आणखी खाली. दाब वाढेल तसा काटा उतरायला लागला. मामा म्हणाले, "तुझं मीटर रिव्हर्स गेअरमधी हाय."

झालेलं असं. हे सेन्सर म्हणजे नुसता बदलणारा रेझिस्टन्स असतो. युरोपियन पद्धतीच्या सेन्सरला दाब शून्य असताना १० ओहम आणि पूर्ण दाबाला १८० च्या आसपास, म्हणजे दाबाबरोबर ओहम वाढतात. अमेरिकन पद्धतीच्याला बरोबर उलटं, शून्याला २४० आणि पूर्ण दाबाला ३३. मीटर अमेरिकन पद्धतीचा, मी आणलेला सेन्सर युरोपियन पद्धतीचा. दुकानदाराला हेच विचारायचं होतं. मल्टीमीटरची एक टोच स्क्रूला आणि एक अंगाला लावली असती तर दुकानाच्या काउंटरवरच कळलं असतं, दहा सेकंदाचं काम. मल्टीमीटर गाडीतच होता.

सेन्सरवर हवा मारून झालेली, परत घ्या म्हणायला तोंड न्हाई. २४०–३३ वाला ऑनलाइन मागवला, १३५०.

६ ऑक्टोबर, रविवार

सेन्सर काल आला, रात्रीच ओहम बघितले, २३८. आज बसवायला घेतला.

एस्टीमला कंपनीचा ऑइल स्विच फिल्टरच्या बाजूला ब्लॉकमध्ये असतो. तो काढला, नवा सेन्सर तिथं लावायला घेतला. बोटानं दोन आटे सरळ गेला, मग टाइट. म्हटलं टेपर (निमुळते आटे) आहे, टाइट होणारच. पांढरी टेप गुंडाळली, पाना लावला, अजून एक फेरा. मनात कुठंतरी वाटत होतं की हे बरोबर लागत न्हाई, पण जेवायची वेळ झालेली, घरात मटण, बाहेर वडील हाका मारतायत, आणि "बसतंय की" म्हणून मी पुढं गेलो.

इंजिन चालू केलं, काटा साडेचारवर, काय आनंद झाला म्हणून सांगू. पाचव्या मिनिटाला खाली बघितलं तर सेन्सरच्या बुडातनं तेल. थेंब थेंब न्हवं, ओघळ. बंद करेपर्यंत फरशीवर कढईएवढं थारोळं.

कारण आट्यांत. जपानी गाड्यांना इथं आठांशी (१/८ इंची) बीएसपीटीचे, म्हणजे ब्रिटिश मापाचे, आटे असतात, इंचाला २८. माझा सेन्सर आठांशी एनपीटी, म्हणजे अमेरिकन मापाचा, इंचाला २७. बीएसपीचा कोन ५५ डिग्री, एनपीटीचा ६०. बाहेरचा व्यास एकाचा ९.७ मिलिमीटर, दुसऱ्याचा १०.३. दोन्ही टेपर, दोन्हीचं नाव आठांशी, म्हणून दोन आटे सुखानं जातात आणि माणूस फसतो. वर एस्टीमचा ब्लॉक अॅल्युमिनियमचा, अजून अर्धा फेरा मारला असता तर आटे गेले असते आणि प्रकरण मिस्त्रींच्याही हातात राहिलं नसतं. नशीब, काढून टॉर्च मारून बघितलं तर पहिले दोन आटे थोडे चेपलेत, बाकी शाबूत. जुना स्विच परत लावला, गळत न्हाई.

आटे मोजायचा पिच गेज माझ्या कंपनीच्या ड्रॉवरमध्ये असतो. रोज तोच वापरतो. यावर मी जास्त बोलत न्हाई.

८ ऑक्टोबर, मंगळवार

उद्यमनगर. कोल्हापुरात राहायचा हा एक फायदा. बाहेरच्या गावातली पोरं असल्या अडॅप्टरसाठी महिनाभर कुरियरची वाट बघतात, इथं स्केच घेऊन गेलं की लेथवाला चहा पिऊन होईपर्यंत सांगतो होतंय का न्हाई.

मी अडॅप्टरचं स्केच नेलेलं, एका बाजूला बीएसपीटी, दुसऱ्या बाजूला एनपीटी, पितळेचा, म्हणजे सेन्सर थेट ब्लॉकवर बसेल. टर्नर काकांनी सेन्सर हातात घेऊन वजन बघितलं. "हे एवढं डबडं तू पितळेच्या एवढुशा नळीवर लटकवणार?" म्हटलं हो. "चार सिलिंडरचं इंजिन थरथरतंय, सहा महिन्यात इथनं तुटंल." त्यांनी आट्यांच्या बुडाशी नखानं रेघ मारून दाखवली, बरोबर कुठं तुटेल ती जागा. "तुटल्यावर सगळं तेल रस्त्यावर. सेन्सर बाजूला बॉडीवर बसव, मधे होज टाक."

मग डिझाइन बदललं. इंजिनच्या भोकात स्टीलचं छोटं निपल, त्याला होज, होजच्या दुसऱ्या टोकाला स्टीलचा चौकोनी ठोकळा. ठोकळ्याला तीन भोकं: एक होजचं, एक नव्या सेन्सरचं, एक कंपनीच्या जुन्या स्विचचं, कारण लाल दिवा मला काढायचा न्हाई. तीन भोकांत दोन प्रकारचे आटे, म्हणून सेन्सरच्या भोकाशेजारी पंचनं एन मारून घेतला. एनपीटीचा टॅप काकांकडं नव्हता, शेजारी एक्स्पोर्टचं काम चालतं त्यांच्याकडनं आणला. ठोकळा आणि निपल मिळून ३०० रुपये.

होज हायड्रॉलिकच्या दुकानातनं, ट्रॅक्टर आणि जेसीबीचे होज क्रिंप करून देतात तिथनं. मी साधा रबरी मागितला, दुकानातला पोरगा म्हणाला रबरी शंभर डिग्रीचा असतोय, इंजिन ऑइल त्याच्या वर जातंय, टेफलॉन घ्या. अर्धा मीटर टेफलॉन, वर स्टीलची जाळी, दोन्ही टोकं क्रिंप करून ११००. महाग वाटलं पण पोरगं बरोबर होतं.

१२ ऑक्टोबर, दसरा

काल खंडेनवमीला उद्यमनगरात लेथला हार, ठोकळा आदल्या संध्याकाळीच मिळाला म्हणून बरं. आज गाडीची पूजा. गाडीतल्या म्युझिकच्या टेपखालचा खण उचकटलेला, चार वायरी लोंबकळतायत, त्यातच आईनं हळदकुंकू लावलं. वडिलांनी विचारलं, "ही गाडी दुरुस्त व्हायलीय का बिघडायलीय?"

काम केलं न्हाई.

१३ ऑक्टोबर, रविवार

आजचा दिवस नीट वाचा, अख्ख्या कामातली सगळ्यात धोक्याची चूक हीच आहे आणि ती मी फार हुशारीनं केली.

निपल बसवलं, यावेळी पांढरी टेप न्हाई, लिक्विड सीलंट. टेपचा तुकडा तेलाच्या वाटेत जायची भीती असते. होज एक्झॉस्टपासनं लांबून फिरवला, दोन ठिकाणी क्लॅम्प. ठोकळा आतल्या फेंडरवर ब्रॅकेटला. आणि थरथर नको म्हणून ठोकळा आणि ब्रॅकेटच्या मधे रबरी वायसर टाकले, बोल्टला पण रबरी बुश. बघणाऱ्यानं म्हणावं काय काम आहे.

की फिरवली. एक गोष्ट डोळ्यासमोर होती आणि दिसली न्हाई: लाल दिवा लागलाच न्हाई. रोज की फिरवली की लागतो, मग इंजिन चालू झालं की जातो. आज मुळात लागला न्हाई. मी बघत होतो नव्या मीटरकडं.

स्टार्टर मारला. काटा शून्यावर. पाच सेकंद शून्यावर. बंद केली, छातीत धडधड. परत मारली, शून्य. आता दिव्याकडं लक्ष गेलं, दिवा बंद, म्हणजे दिवा म्हणतोय दाब आहे आणि मीटर म्हणतोय न्हाई. म्हटलं मीटर खराब. सेन्सरची वायर बदलली, फ्यूज बघितला, मीटरच्या मागची कनेक्टरं काढून घातली, दीड तास. शेजारचा मित्र भिंतीवर बसून चिरमुरे खात होता, तो म्हणाला, "भावा, दिवा चालू व्हायचा बंद पडलाय का?" मग डोक्यात उजेड पडला.

या सेन्सरला एकच वायर असते. दुसरी वायर म्हणजे त्याचं स्वतःचं अंग, आट्यातनं इंजिनला आणि तिथनं बॅटरीच्या निगेटिव्हला. कंपनीच्या स्विचचं पण तेच. मी दोघांना ठोकळ्यावर बसवलं आणि ठोकळ्याला रबरात गुंडाळलं. होजच्या जाळीतनं थोडा अर्थ मिळाला असता तर मिळाला असता, पण जाळीवर प्लास्टिकचं आवरण होतं आणि निपलच्या आट्यात सीलंट, मल्टीमीटर लावला तर सर्किटच उघडं. अर्थ न्हाई म्हणून मीटरला वाटलं दाब शून्य, आणि अर्थ न्हाई म्हणून दिव्याला लागताच येईना. एका वायरीच्या अभावानं एकजण खोटं रडतोय आणि दुसरा खोटं हसतोय. मीटर नसता आणि नुसता स्विच असा लांब नेला असता तर मी वर्षभर बिनदिव्याची गाडी चालवली असती आणि दिवा बंद म्हणजे सगळं ठीक असं समजत बसलो असतो.

ठोकळ्याच्या कोपऱ्यात भोक पाडून आटे मारले, रिंग टर्मिनलची जाड काळी वायर, थेट इंजिनच्या अर्थ पॉइंटला. की फिरवली, दिवा लागला. स्टार्टर, दिवा गेला, काटा चार पॉइंट दोन. गरम झाल्यावर आयडलला एक पॉइंट एक, तीन हजार आरपीएमला साडेतीनच्या जरा खाली.

वायर आत न्यायला फायरवॉलला (इंजिन आणि केबिनच्या मधला पत्रा) नवं भोक पाडू नका. क्लच केबलच्या रबरी ग्रोमेटशेजारी बारीक चिरा देऊन, वायरीवर स्लीव्ह चढवून आत घेतली.

२० ऑक्टोबर, रविवार

पाण्याचा सेन्सर. रेडिएटरच्या वरच्या पाइपात मधे कापून अॅल्युमिनियमची स्लीव्ह बसवायची, तिला सेन्सरचं भोक असतं. ईसीयूच्या (इंजिनच्या कॉम्प्युटरच्या) सेन्सरची वायर अजिबात तोडायची न्हाई, तिथं दुसरं मीटर जोडलं की ईसीयूला चुकीचं टेंपरेचर कळतं आणि गाडी पेट्रोल प्यायला लागते.

स्लीव्ह अंदाजानं मागवलेली, दोन मिलिमीटर मोठी निघाली. पाइप गरम पाण्यात बुडवून चढवायचा प्रयत्न केला, चढला पण रबर ताणून पांढरं पडलं, काढून टाकलं. दुसरी स्लीव्ह व्हर्नियर लावून मागवली. चारशे गेले. सेन्सरच्या मापात फसल्यावर आट्यांच्या मापात फसलो, आट्यांनंतर पाइपच्या मापात, हे आता माझं मलाच लाजिरवाणं वाटायला लागलंय.

पाइप रबरी आहे, म्हणजे स्लीव्हला पण अर्थ न्हाई. यावेळी वायर आधी लावली.

कूलंट भरून हवा काढायला अर्धा तास गेला. हीटर फुल गरमवर, रेडिएटरचं झाकण उघडं, पुढचं चाक फुटपाथवर चढवून गाडीचं नाक वर. घाई केली की हवा आत अडकते आणि काटा उगीच नाचतो.

वरच्या पाइपात सेन्सर बसवायचा एक तोटा कळला. थर्मोस्टॅट उघडेपर्यंत तिथं गरम पाणी येतच न्हाई, त्यामुळं पाचसात मिनिटं काटा मेल्यासारखा आणि मग एकदम उडी. पहिल्या दिवशी घाबरलो होतो. आणि सगळं पाणी गळून गेलं तर सेन्सर कोरडा पडून कमीच दाखवणार, म्हणून कंपनीच्या काट्यावरनं पण नजर काढायची न्हाई.

२६ आणि २७ ऑक्टोबर

बसवायचे कुठं. ए पिलरचा (पुढच्या काचेच्या बाजूचा खांब) पॉड, म्हणजे मीटर बसवायचा डबा, आधीच घेऊन ठेवलेला, ६०० रुपये, दोन मीटरचा. लावायच्या आधी पुठ्ठ्याचे डबे त्याच मापाचे करून चिकटपट्टीनं लावले आणि रंकाळ्याला चक्कर मारली. उजवीकडं वळताना एक स्कूटी अख्खी त्या पुठ्ठ्याच्या मागं गेली. बाई जोरात ओरडल्या आणि बरोबरच ओरडल्या. पॉड पडून आहे. नवीन गाडी असेल आणि पिलरमध्ये कर्टन एअरबॅग असेल तर तिथं पॉडचा विचारच करू नका, एअरबॅग उघडला की मीटर तुमच्या तोंडावर.

मग टेपखालच्या खणात तीन मीटरची प्लेट. तीन मिलिमीटर अॅल्युमिनियम, लेझर कटिंगवाल्याकडं. मीटरचं अंग मोजलं ५२.२, भोक ५२.४ दिलं, छान सरकत होते. मग काळी पावडर कोटिंग करून आणली आणि एकही मीटर जाईना. कोटिंगची जाडी भोकाच्या दोन्ही बाजूनं आत येते हे मी कंपनीत लोकांना समजावून सांगतो. अर्धगोल कानशीनं घासत बसलो, अर्ध्या तासाचं काम, एका मीटरच्या रिंगवर ओरखडा.

प्लेटला मागनं वायसर देऊन ड्रायव्हरकडं थोडी तिरकी केली. आणि प्रत्येक मीटर फिरवून असा बसवला की सगळं ठीक असताना तिन्ही काटे सरळ वर, बाराच्या दिशेनं. रेसच्या गाड्यांत करतात. आकडे तिरके होतात पण वाचायचेच न्हाईत, तीन काट्यातला एक वाकडा दिसला की बघायचं. मित्र म्हणाला, "मर्दा, मीटर वाकडे बसवलास की." समजावलं. त्याला पटलं न्हाई.

३ नोव्हेंबर, भाऊबीज

बहीण जेवून गेली, मग तासभर.

व्होल्ट मीटर रात्री हेडलाइट आणि ब्लोअर लावला की १२.९ वर यायचा. अल्टरनेटर गेला म्हणून घाबरलो, बॅटरीवर मल्टीमीटर लावला तर १४.१. मी मीटरला करंट सिगरेट लायटरच्या वायरीतनं दिलेला, आणि ती वायर पंचवीस वर्षांची, तिच्यातच एक व्होल्ट मरतोय. शिवाय लायटरची लाइन स्टार्टर मारताना बंद होते, म्हणजे स्टार्ट होताना ऑइलचा काटा झोपलेला, नेमका तेव्हाच बघायचा असतो. आता बॅटरीतनं फ्यूज टाकून वेगळी वायर, मधे रिले, रिलेला चालू करायला इग्निशनची लाइन, स्टार्टर मारताना पण चालू राहणारी. आता १३.९.

रात्रीची लाइट पार्किंगच्या वायरीला जोडली. काचेत प्रतिबिंब येत होतं, प्लेटच्या वर काळ्या फोमची पट्टी चिकटवली, गेलं.

१० नोव्हेंबर, रविवार

पन्हाळा. सकाळी सहाला निघालो, शिवाजी पुलावर धुकं, केर्लीपर्यंत तिन्ही काटे सरळ. पाणी ८८. वाघबीळच्या चढाला दुसऱ्या गिअरमध्ये ओढली, पाणी ९४, फॅन ९७ ला लागला आणि ९१ ला बंद झाला, हे आधी कधीच माहीत नव्हतं.

आणि एका लांबलचक डाव्या वळणाला, चार हजार आरपीएमच्या वर असताना, ऑइलचा काटा साडेतीनवरनं दोनवर आला आणि सरळ झाल्यावर परत वर. अर्ध्या सेकंदाचा खेळ. दिवा अर्थातच लागला न्हाई. मागं फिरलो, तेच वळण परत मारलं, परत तेच. वर जाऊन गाडी सपाटीवर थंड होऊ दिली, झुणका भाकरी खाल्ली, डिपस्टिक काढली. तेल खालच्या खुणेला टेकलेलं. ६ ऑक्टोबरला फरशीवर जे सांडलं ते मी मोजूनमापून भरलंच नव्हतं, वर होज आणि ठोकळा भरायला थोडं गेलं. वळणात तेल संपच्या (इंजिनखालच्या तेलाच्या भांड्याच्या) एका बाजूला जातं, पिकअप (पंपाचं तेल ओढायचं तोंड) उघडा पडतो आणि पंप हवा ओढतो. डिकीतल्या कॅनमधनं भरलं, साधारण सहाशे मिली. उतरताना ते वळण उलटं पडतं म्हणून परत खाली जाऊन वर आलो. काटा हलला न्हाई.

मागच्या वर्षी कागलजवळ पण हेच झालं असेल का, माहीत न्हाई.

खर्च: तीन मीटर ६७५०. सेन्सर दोन, चुकीचा धरून, २३००. ठोकळा निपल ३००, होज ११००, स्लीव्ह दोन ८००, कूलंट ६५०, वायर रिले फ्यूज स्लीव्हिंग ७८०, प्लेट आणि कोटिंग ४५०, पॉड ६००, तेल ५००. एकूण १४,२३०. यातले चुकीचा सेन्सर, मोठी स्लीव्ह, पॉड आणि फरशीवरचं तेल मिळून २४५० निव्वळ माझ्या घाईचे.

ठोकळ्याखाली पांढरा कागद चिकटवलाय, सातशे किलोमीटरला कोरडा आहे. जनरेटरचा सेन्सर आणि ए पिलरचा पॉड पडून आहेत, कुणाला १०–१८० ओहमचा मीटर असेल तर सेन्सर घेऊन जावा, पॉड कुणी घेऊ नका.